नाना शंकरशेट आणि दानाचा हिशेब

३१ जुलै हा नाना शंकरशेट यांचा पुण्यदिन. १८६५ साली या दिवशी त्यांनी मुंबईत देह ठेवला, त्या गोष्टीस आता एकशे साठ वर्षे होऊन गेली. फणसवाडीतून ठाकूरद्वाराच्या नाक्याकडे आले म्हणजे जो रहदारीचा रस्ता लागतो त्याला त्यांचे नाव आहे. ग्रँट रोडच्या चौकाला त्यांचे नाव आहे. अलीकडे भुयारी मेट्रोच्या एका स्थानकालाही ते देण्यात आले. नावाची अशी पेरणी झालेली असताना त्या नावामागील मनुष्य मात्र लोकांच्या विस्मृतीत गेला आहे. कोणी त्यांना आगगाडी आणणारे शेटजी म्हणून ओळखतो, कोणी नुसतेच दानशूर म्हणतो, आणि दानशूर म्हटले की विचार करण्याचे काम संपले असे समजण्याची आपली रीत आहे. आम्हांस या पुण्यदिनानिमित्त त्यांच्या दानाविषयीच लिहावयाचे आहे. पण ते किती दिले हे सांगण्यासाठी नव्हे, कसे दिले हे सांगण्यासाठी.

हा विषय आजच सुचण्यास एक कारण घडले. गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत आमच्याच वाडीतील एक बाई आल्या. पती निवर्तल्यापासून घरी पोळ्या लाटून त्या संसार चालवितात. मुलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हा एका खाजगी न्यासाने पहिल्या वर्षाची फी भरली, समारंभ केला, धनादेश हाती देताना छायाचित्र काढले. दुसऱ्या वर्षी त्या पुन्हा गेल्या तेव्हा दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांस मदत द्यावयाची असा नियम असल्याचे त्यांना सांगण्यात आले. मुलगी नापास झाली नव्हती. घरची स्थिती सुधारली नव्हती. फक्त वर्ष बदलले होते. आमच्याकडे त्या कायद्याचा सल्ला विचारण्यास आल्या होत्या. आणि कायद्याने त्या न्यासाकडून काहीही मागण्याचा त्यांना हक्क नाही, हे उत्तर देताना आम्हांस संकोच वाटला. दान देणारा मोकळा झाला, पण घेणारी अर्ध्या वाटेवर उभी राहिली. अशा दानाला काय म्हणावे, याचे उत्तर शोधीत असता आम्ही नानांच्या चरित्राकडे वळलो.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे एका धनाढ्य दैवज्ञ कुटुंबात झाला. घराणे मूळ कोकणातले. अठराव्या शतकात मुंबईस येऊन व्यापारावर नावारूपास आलेले. कोटातील गनबाव स्ट्रीट हे जुने नाव त्यांच्याच पूर्वजाची, गणबाशेट यांची, आठवण सांगत असे. वडील शंकरशेट हे त्या काळच्या मुंबईतील मोठ्या व्यापाऱ्यांपैकी एक. ते १८२२ साली वारले तेव्हा जगन्नाथ अवघे एकोणीस वर्षांचे होते. या वयात हाती आलेली संपत्ती पुष्कळांच्या नाशास कारण होते, हे कोणाही व्यापाऱ्यास सांगावयास नको. नानांनी ती राखली, वाढविली, आणि बाजारात अशी पत मिळविली की अरब व अफगाण व्यापारीही आपली ठेव पेढीवर ठेवण्यापेक्षा त्यांच्या स्वाधीन करणे पसंत करीत, असे सांगतात. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदतो. दुसऱ्याची ठेव ही आपली नव्हे, ती मागेल तेव्हा हिशेबासह परत करावयाची असते, ही सावकारीतील पहिली शिकवण त्यांच्या अंगी मुरलेली होती. पुढे लोककार्यात त्यांनी जो पैसा हाताळला, तो याच वृत्तीने हाताळला.

पेशवाई बुडून त्या वेळी चारच वर्षे झाली होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते, आणि एतद्देशीय मुलांस शिक्षण कसे द्यावे हा प्रश्न नुकताच उभा राहिला होता. सरकारी शिक्षणखाते असे काही नव्हतेच. १८२२ च्या सुमारास शाळा काढणे व शाळोपयोगी पुस्तके तयार करणे यांसाठी मुंबईत एक मंडळी उभी राहिली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्ध झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व सदाशिव काशीनाथ छत्रे यांसारखी माणसे तिचा कारभार पाहत. त्या मंडळीत तरुण जगन्नाथ शंकरशेट आरंभापासून होते. वर्गणी देऊन घरी बसण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी सभेस जाणे, पुस्तकांची निवड करणे, शाळांची पाहणी करणे ही कटकट पत्करली.

१८२७ साली एल्फिन्स्टन विलायतेस परत निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी निधी जमविला, व तो दोन लक्षांवर गेला. एवढ्या रकमेत एखादी भव्य इमारत किंवा डोळे दिपविणारे स्मारक सहज झाले असते. मुंबईच्या एतद्देशीय पुढाऱ्यांनी तसे केले नाही. निधीच्या उत्पन्नातून इंग्रजी भाषा व पाश्चात्य शास्त्रे शिकविणारे अध्यापक नेमावेत असे त्यांनी ठरविले. १८३५ च्या सुमारास ते वर्ग सुरू झाले, आणि यातूनच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभे राहिले. बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवू लागले. मुद्दल राखून उत्पन्नातून माणसे घडवावयाची, ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. पण ज्या देशात दान म्हणजे अन्नछत्र, घाट, धर्मशाळा किंवा देवालय एवढेच लोकांस माहीत होते, तेथे ती नवी होती. नाना या निधीच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी होते.

या शाळेचे फळ काय आले, ते एका उदाहरणाने सांगतो. १८२५ साली जन्मलेला एक पारशी मुलगा चार वर्षांचा असताना पितृहीन झाला. आई निरक्षर व गरीब. पण नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी नव्हती, म्हणून तो शिकला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चमकला. आणि तेथेच अध्यापक झाला. तो मुलगा म्हणजे दादाभाई नौरोजी. आपले शिक्षण लोकांच्या पैशाने झाले, तेव्हा आपले आयुष्य लोकांच्या कामी लागले पाहिजे, ही जाणीव त्यांना तरुणपणीच झाली, व ती त्यांनी पुढे लिहूनही ठेवली. स्वराज्याच्या चळवळीला ज्यांनी पहिले अर्थशास्त्र दिले, हिंदुस्थानची संपत्ती कशी वाहून जाते हे आकड्यांनी सिद्ध केले, त्या पुरुषाच्या मुळाशी एका मंडळीने दिलेली फीची माफी आहे. त्या मंडळीने पहिल्या वर्षानंतर दुसऱ्या विधवेच्या मुलाची पाळी आली असे सांगून दादाभाईंना घरी पाठविले असते, तर देशाचे काय नुकसान झाले असते याचा विचार वाचकांनीच करावा.

१८४० साली सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन केले व सोसायटीच्या शाळा त्याच्या ताब्यात गेल्या. बोर्डावर जे तीन एतद्देशीय सभासद आले त्यांत सर जमशेटजी जीजीभाई, महंमद इब्राहीम मकबा व जगन्नाथ शंकरशेट हे होते. येथे नानांची खरी कसोटी लागली. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश. विद्वान व दरारा असलेले गृहस्थ. त्यांचे मत असे की, थोड्या निवडक वरिष्ठ वर्गास इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, तेथून ज्ञान आपोआप खाली झिरपेल. १८४७ साली या प्रश्नावर बोर्डात उघड दोन तट पडले. कर्नल जर्व्हिस व एतद्देशीय सभासद एका बाजूस, पेरी दुसऱ्या बाजूस. नानांनी आपले मत लेखी मांडले. इंग्रजीचे महत्त्व त्यांनी नाकारले नाही. ती भाषा त्यांना स्वतःला चांगली अवगत होती. पण लक्षावधी लोकांपर्यंत ज्ञान पोचवावयाचे असेल तर ते त्यांच्या मातृभाषेतूनच पोचेल, परकी भाषा शिकण्यास वेळ व पैसा असणारे थोडेच असतात, ही गोष्ट त्यांनी निर्भीडपणे सांगितली. ज्या सरकारच्या मर्जीवर व्यापाऱ्याचा मान अवलंबून, त्याच सरकारच्या न्यायमूर्तीशी त्यांनी हा वाद घातला. सरकारने शेवटी मध्यम मार्ग काढला, व वाद अनिर्णीत राहिला.

या वादाची पुढील हकीकत आम्हां कायद्याच्या धंद्यातील लोकांस विशेष स्मरणीय आहे. १८५२ साली पेरी निवृत्त झाले, तेव्हा नानांसह मुंबईच्या नागरिकांनी त्यांच्या नावाने निधी उभारला व त्यातून कायद्याच्या अध्यापकाची जागा निर्माण करविली. १८५५ साली सुरू झालेले ते वर्ग म्हणजेच पुढचे सरकारी लॉ कॉलेज. ज्यांच्याशी तत्त्वासाठी भांडले, त्यांच्याच नावाने तरुणांसाठी विद्येचे दार उघडण्यास नाना कचरले नाहीत. मतभेद आणि वैर यांतील हे अंतर आज आपल्या सार्वजनिक संस्थांतून पुष्कळ कमी झाले आहे.

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील अशा कृत्याकडे येतो की जे त्यांच्या सर्व देणग्यांहून आम्हांस मोठे वाटते. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनाने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी नावाची सभा स्थापन केली. निबंध वाचणारी मुले निबंधांवर थांबली नाहीत. १८४९ च्या ऑक्टोबरात दादाभाई व त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. पगारी शिक्षक ठेवण्यास पैसा नव्हता. म्हणून ही तरुण मंडळी आपले काम सुरू होण्यापूर्वी सकाळी स्वतः शिकवीत. घरोघर जाऊन मुली मागाव्या लागत. काही ठिकाणी आईबाप ऐकून घेत, काही ठिकाणी जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी मिळे. आरंभी आलेल्या मुली किती? पारशी ४४ आणि हिंदू अवघ्या २४. एवढ्या मोठ्या शहरात चोवीस हिंदू मुली!

मुलींना शिकवावयाचे कोठे, हा पहिलाच प्रश्न होता. सरकारी जागा मिळणारी नव्हती. भाड्याने घर देण्यास मालक बिचकत, कारण मुलगी लिहिणेवाचणे शिकली तर ती विधवा होते अशी समजूत त्या काळी सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनही होती. पारशी मुलींच्या शाळांच्या पाठीशी कामा घराणे उभे राहिले. मराठी मुलींच्या शाळेसाठी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. पुण्यास आदल्याच वर्षी, १८४८ साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली होती. तेथेही एका मालकाने आपले घर दिले म्हणूनच ते कार्य उभे राहू शकले.

वाड्यात जागा देणे म्हणजे काय, याचा व्यापारी वाचकांनी थोडा विचार करावा. हजार रुपये देणारा मनुष्य निनावी राहू शकतो. घर देणारा राहू शकत नाही. ज्या घरात देवघर आहे, ज्या घरी जातीची माणसे लग्नकार्यास व श्राद्धपक्षास येतात, तेथेच परक्या घरच्या मुली पाट्या घेऊन बसलेल्या त्यांना दिसणार. जो आक्षेप शाळेवर यावयाचा, तो आता घराण्यावर येणार. नाना आचाराने जुन्या वळणाचे, देवधर्म पाळणारे गृहस्थ होते. सोनापूरची दहनभूमी हलविण्याचा विचार निघाला तेव्हा हिंदूंच्या बाजूने उभे राहून ती जागेवर राखणारे तेच. अशा मनुष्याच्या दारातून मुलगी शाळेत जाऊ लागली, की सामान्य आईबापांची भीती निम्मी नाहीशी होते. शेटजींच्या घरी जे चालते ते पाप कसे असेल, असे ते म्हणू लागतात. नानांनी पैसा दिला, जागा दिली; पण सर्वांत मोलाची देणगी त्यांनी दिली ती आपल्या पतीची नव्हे, बाजारातल्या व समाजातल्या पतेची. ती त्यांनी चोवीस मुलींसाठी पणास लावली.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शाळा त्यांनी आपल्या मुठीत ठेवली नाही. शिकवावे काय, शिक्षक कोण, वेळ कोणती, हे ती विशी-पंचविशीची तरुण मंडळी ठरवीत होती. नाना त्या वेळी पंचेचाळिशी ओलांडलेले, सरकारदरबारी मान्यता असलेले. पण पैसा व जागा देतो म्हणून चालकी आपली, असा हट्ट त्यांनी धरला नाही. या सभेच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान पुढे आले, आणि नानांच्या नावाची मुलींची शाळा गिरगावात दीर्घकाळ चालली.

त्यांच्या आयुष्यातील इतर कामगिरी सर्वश्रुत असल्याने थोडक्यात सांगतो. मुंबईस लोहमार्ग व्हावा म्हणून १८४५ पासून चाललेल्या खटपटीत ते व जमशेटजी अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हा त्या श्रमाचे चीज झाले. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली व नाना तिचे अध्यक्ष झाले. एतद्देशीयांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटपुढे अर्जाने मांडणारी या इलाख्यातील ती पहिली राजकीय संस्था. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, त्याच्या पहिल्या फेलोंत ते होते. १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय व राणीचा बाग, ग्रँट रोडवरील नाटकगृह, अशा किती तरी कामांत त्यांचा हात होता. यांपैकी कोणत्याही एका कामावर स्वतंत्र लेख होईल. पण आजचा आमचा विषय तो नव्हे.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलात बसविण्यात आला, आणि १८६६ पासून त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात श्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यार्थ्यांस जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. पुतळा पाहण्यास आज कितीसे लोक जातात? पण शंकरशेट शिष्यवृत्ती हे शब्द महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा ही शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. तेच पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले व १९५० ते १९५६ या काळात स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री. मॅट्रिकची परीक्षा गेली, शालान्त परीक्षा आली, तरी ते नाव टिकून राहिले. मुद्दल एकदाच द्यावे लागते. त्याचे फळ मात्र प्रत्येक जूनमध्ये नव्या मुलाच्या किंवा मुलीच्या पदरात पडते.

नानांच्या कार्याच्या मर्यादा झाकून ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या काळच्या या शाळा मुख्यतः वरिष्ठ व मध्यम जातींच्या मुलामुलींसाठी होत्या. ज्यांच्या मुलांस कोणत्याच शाळेचा उंबरा ओलांडता येत नव्हता त्यांच्यासाठी दार उघडण्याचे काम पुण्यास फुले दांपत्याने केले, मुंबईच्या शेटजींनी नव्हे. इंग्रजांच्या राज्यावर त्यांचा जो विश्वास होता तो आम्हां राष्ट्रवाद्यांस आज भाबडा वाटतो. पण पुढच्या पिढीने चढावयाची पायरी त्यांनी बांधली होती, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. बॉम्बे असोसिएशनच्या अर्जापासून दादाभाईंच्या स्वराज्याच्या मागणीपर्यंत जी वाट गेली, तिचा आरंभ त्यांच्याच पिढीपासून होतो.

मुंबईच्या दानाचा पुढचा इतिहासही नानांच्या बाजूनेच साक्ष देतो. १८९२ साली जमशेटजी टाटा यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या हिंदी तरुणांकरिता निधी स्थापन केला, तो कर्जरूपाने. शिकून आलेल्याने रक्कम परत करावी व ती पुढच्याच्या कामी यावी, अशी त्याची व्यवस्था. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लक्षांची देणगी दिली. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याने एका दिवसाचा समारंभ पाहिला नाही. पन्नास वर्षांनंतरचा विद्यार्थी पाहिला. म्हणूनच ही दाने टिकली.

आता आजच्या स्थितीकडे वळू. नानांच्या काळी नसलेली साधने आज आपल्यापाशी आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने या राज्यातील प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंदणी आवश्यक केली. हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे सक्तीचे केले. आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख ठेवली. गैरकारभार होत असेल तर न्यासात हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तींनाही आयुक्तांच्या संमतीने दावा लावता येतो. मूळ हेतू कालबाह्य झाला असेल तर न्यायालयाच्या आज्ञेने तो निधी त्याच्याच जवळच्या हेतूकडे वळविण्याची तरतूदही त्यात आहे. या शेवटच्या तरतुदीचा उपयोग आमच्या पाहण्यात फार थोडे विश्वस्त करतात. एखाद्या आजोबांनी पूर्वी प्रवाशांच्या पाणपोईसाठी ठेवलेली रक्कम बँकेत व्याजावर वाढत राहते, आणि त्याच गल्लीतील मुलगी फीअभावी घरी बसते. मोठ्या कंपन्यांवर तर २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनच घातले आहे. ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च केले पाहिजेत. म्हणजे पैशाची वानवा आहे असे म्हणण्यास जागा नाही. वानवा आहे ती नानांनी ज्या रीतीने तो पैसा हाताळला त्या रीतीची.

म्हणून आमच्या वाचकांपैकी जे कोणत्याही न्यासाचे विश्वस्त असतील, आणि गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीच्या व्यापारी वर्गात असे बरेच आहेत, त्यांना आमची काही स्पष्ट मागणी आहे. विद्यार्थ्यास मदत द्यावयाची ती एका वर्षाची न देता अभ्यासक्रम पुरा होईपर्यंतची द्यावी. शंभर मुलांस एकेक वर्ष देण्यापेक्षा तीस मुलांस तीन वर्षे देणे अधिक पुण्याचे आहे, कारण अर्धवट शिक्षणाचा बाजारात भाव शून्य असतो. अर्जाचा नमुना मराठीत असावा, आणि तो त्या मुलाच्या आईला वाचता व भरता यावा; मातृभाषेचा जो वाद नाना १८४७ साली घालीत होते तो आजही प्रत्येक न्यासाच्या दारात उभा आहे. मदत नाकारली तर कारण लेखी कळवावे. वर्षाचा जमाखर्च कचेरीच्या कपाटात न ठेवता लोकांस पाहता येईल असा लावावा. आणि विश्वस्त मंडळात एखाददुसरी जागा अशा तरुणास किंवा तरुणीस द्यावी की जी स्वतः कधी मदतीवर शिकली आहे. अर्ज करणाऱ्याच्या घरातील अडचण काय असते हे तिला जितके कळेल तितके आम्हां वकिलांस व तुम्हां व्यापाऱ्यांस कळणार नाही.

मदत मुलाला द्यावयाची की कुटुंबाला, हाही भेद आम्हांस खोटा वाटतो. घरी आजारी वडील असतील, लहान भावंडांस सांभाळावयास कोणी नसेल, तर फी भरूनही मुलगी वर्गात जात नाही. दादाभाई शिकले ते फी माफ झाली म्हणून, हे खरे; पण त्यांच्या आईने एकटीने संसार ओढला म्हणूनही ते शिकले. जो न्यास मुलीची फी देतो त्याने तिच्या घराची चौकशीही करावी, आणि जेथे थोड्या रोख मदतीने घर सावरत असेल तेथे ती द्यावी.

शेवटी जागेची गोष्ट. गिरगावच्या चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. जुनी बिऱ्हाडे उपनगरांत जात आहेत. मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत. जी कुटुंबे अद्याप येथे दहा बाय बाराच्या खोलीत राहतात त्यांच्या मुलांस रात्री वाचावयास बसण्यास कोपरा मिळत नाही. दुसरीकडे पेढ्यांच्या माड्या, सभागृहे, देवस्थानांच्या ओवऱ्या संध्याकाळी आठानंतर कुलूपबंद असतात. नानांनी आपला वाडा उघडला त्यासाठी त्यांना कायद्याची सक्ती नव्हती, करात सूट नव्हती, वर्तमानपत्रात छायाचित्रही यावयाचे नव्हते. आमच्या व्यापारी बंधूंनी आपल्या माडीची एक खोली रात्री दोन तास अभ्यासासाठी उघडली तर त्यांस वीज व एक चटई याहून अधिक खर्च येणार नाही.

आमच्या कचेरीत आलेल्या त्या बाईंच्या मुलीची दुसऱ्या वर्षाची फी वाडीतील काही दुकानदारांनी वर्गणी करून भरली, व तिसऱ्या वर्षाचेही त्यांनी आताच लिहून ठेवले आहे. त्यांच्या वहीत तिच्या नावासमोर पहिले वर्ष, दुसरे वर्ष, तिसरे वर्ष असे तीन रकाने आम्ही पाहिले. तिसरा अद्याप कोरा आहे. नाना शंकरशेट यांचा पुण्यदिन साजरा करावयाचा तर पुतळ्याला हार घालण्यापूर्वी प्रत्येक विश्वस्ताने आपल्या वहीत असे रकाने आखावेत, आणि ते भरल्याशिवाय वही मिटू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.